मर्दानी विद्या: पाहण्याची कोणती आणि कामाची कोणती?

(गावच्या पडक्या तालमीचा विचार करण्यासाठी भरलेल्या सभेत एका खेड्यातील शाळामास्तरांनी दिलेले व्याख्यान)



आपल्या गावापुढे आज प्रश्न साधाच आहे. घरटी वर्गणी जमली आहे, ती कशावर खर्चावी? एक पक्ष म्हणतो, जुन्या तालमीचे छप्पर नीट करून हौदात नवी माती घालावी. दुसरा पक्ष म्हणतो, कुस्तीचा काळ गेला. तालुक्याहून जे शिक्षक येतात, मुलांना पांढरे कपडे घालतात, दर तीन महिन्यांनी फी घेऊन नव्या रंगाचा पट्टा बांधतात आणि वर्षाच्या शेवटी मुलांकडून कौले फोडून दाखवितात, त्यांना बोलवावे. तिसरा पक्ष म्हणतो, दोन्ही नको. लाठी आणि दांडपट्टा हीच आपल्या वाडवडिलांची विद्या. आणि प्रत्येक पक्षाचा माणूस आम्हांस वाटेत गाठून विचारतो, "मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, यांत श्रेष्ठ कोणती?"

आम्ही काही मल्ल नव्हे. आम्ही खडू धरणारे. परंतु माणूस शिकतो कसा आणि शिकल्याचा नुसता भास कसा होतो, हे रोज डोळ्यांपुढे पाहणे हाच आमचा धंदा आहे. त्या बाजूने जे दिसते तेवढे सांगतो. पटले तर घ्यावे.

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. वर्गणीचा पैसा कोणी ज्वारी विकून दिला आहे, कोणी रोजंदारीतून काढून. पण पैशाहून मोठी गोष्ट मुलांची आहे. ज्याला काहीच येत नाही तो पोरगा भांडणापासून चार हात दूर राहतो. ज्याला येत नसून येते असे वाटते, तो पुढे सरसावतो आणि डोके फोडून घेतो. खोटी विद्या अडाण्यापेक्षा वाईट ती अशी.

आपण बाजारात मडके घेतो ते वाजवून घेतो. बैल घेतो तेव्हा दात पाहतो, चालवून पाहतो, मालक ऐकेल तर जुंपूनही पाहतो. सुताराचा नांगर ओसरीवर कितीही देखणा दिसला तरी काळ्या रानात तो चालतो की नाही, यावर त्याची किंमत. मग लेकरांच्या अंगरक्षणाची विद्याच तेवढी न वाजवता का घ्यावी? 'आमची विद्या हजारो वर्षांची आहे', 'ती आमच्या गुरूंनी गुप्त ठेवली आहे', 'ती इतकी घातक आहे की करून दाखविता येत नाही', अशी वाक्ये कानी पडली की आपण सावध व्हावे. हीच भाषा अंगारा-धुपारा विकणारा बोलतो.

मग वाजवावे कसे? आमचे सांगणे एका वाक्यात मावते. विद्येचे नाव विचारू नका. ती शिकताना समोरचा माणूस खराखुरा अडवतो की नाही, एवढे विचारा.

हे शाळेच्या उदाहरणाने उलगडून सांगतो. मूल लिहिण्यास शिकते त्याच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम बोटे वळावी म्हणून ते रेघोट्या ओढते. मग कित्ता गिरविते; अक्षर दुसऱ्याचे, हात त्याचा. आणि शेवटी ते आपल्या मनाने मामाला पत्र लिहिते. कित्ता सुंदर गिरविणारे पण स्वतःचे चार ओळींचे पत्र न येणारे विद्यार्थी प्रत्येक शाळेत असतात. कित्ता वाईट नव्हे. पण कित्त्यावर जो थांबला तो साक्षर झाला नाही.

मर्दानी विद्येच्याही पायऱ्या तीनच. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब ही एकट्याची मेहनत. हिने शरीर तयार होते. मल्लखांबावर चढणाऱ्याचे अंग वेताच्या छडीसारखे होते, पण मल्लखांब उलट पकड घालीत नाही. दुसरी पायरी ठरलेल्या जोडीची. 'तू असा हात घाल, मी असा सोडवतो' असे बोलून दोघे डाव बसवितात. हा कित्ता, तो हवाच. तिसरी पायरी विरोधाची. समोरच्यालाही जिंकायचे आहे, तो काय करील हे ठाऊक नाही, दम लागला आहे, आणि त्या घाईत डाव सुचला पाहिजे. पांढऱ्या कपड्यांच्या वर्गात पुष्कळदा दुसऱ्या पायरीवरच जन्म जातो. हवेत मुठी मारणे, कौल फोडणे, समोरचा शहाण्यासारखा एकच हात पुढे करून उभा राहणे, हे सारे कित्त्याचे प्रकार. कौल उलट मारीत नाही.

या बाबतीत जपानातील एका गृहस्थांची हकिकत ऐकण्यासारखी आहे, आणि आम्हांस ती विशेष गोड वाटते, कारण हे गृहस्थ आमच्याच धंद्याचे होते. कानो जिगोरो त्यांचे नाव. जन्म १८६० सालचा, मृत्यू १९३८ सालचा. शिक्षक तयार करणाऱ्या टोकियोच्या वरिष्ठ विद्यालयाचे ते वीस वर्षांहून अधिक काळ मुख्य होते. लहानपणी अंगाने किरकोळ असल्यामुळे दांडगी पोरे त्यांना छळीत, म्हणून ते जुजुत्सू नावाची जुनी झोंबीची विद्या शिकले. तिच्या अनेक शाखा होत्या आणि प्रत्येकीत डोळ्यांत बोट घालणे, सांधा मोडणे, मर्मावर घाव घालणे असे भयंकर डाव होते. आता जो डाव केला की जोडीदार लंगडा होतो, तो रोज कोणावर करून पाहणार? म्हणून असे डाव ठरलेल्या नमुन्यानेच करावे लागत. डाव भयंकर, पण हात कच्चा.

कानोंनी १८८२ साली एका बौद्ध देवळात बारा चटयांच्या जागेत आपली शाळा काढली. तिचे नाव कोडोकान, आणि विद्येचे नाव जुडो. त्यांनी युक्ती केली ती अशी: जे डाव जोडीदाराला कायमची इजा करतील ते नमुन्यापुरते बाजूस ठेवले, उरलेले फेकण्याचे, दाबण्याचे, पकडीचे डाव असे बेतले की ते रोज पुऱ्या जोराने, अडविणाऱ्या माणसावर करता यावेत. आणि सर्वांआधी शिकविली ती पडण्याची विद्या. हनुवटी छातीशी लावून, हाताने जमिनीवर थाप देऊन, डोके वाचवून पडावे कसे. लोकांना वाटले, मास्तरांनी विद्या मऊ केली. परंतु १८८६ च्या सुमारास टोकियोच्या पोलीस खात्यात सामने झाले तेव्हा कोडोकानच्या शिष्यांनी जुन्या शाखांवर सरशी केली. विषारी डाव वर्षातून एकदा नमुन्याने करणाऱ्यापेक्षा, साधा डाव रोज दहादा खऱ्या जोराने करणारा भारी पडला.

ही पडण्याची विद्या, बायाबापड्यांनो, आम्हांस सर्वांत उपयोगाची वाटते. मारामारीचा प्रसंग जन्मात एकदा आला तर आला. पण झाडावरून, गाडीवरून, ओल्या बांधावरून, फटफटीवरून पडण्याचा प्रसंग कोणाला चुकला आहे?

पुढची गोष्ट थोडक्यात. कोडोकानचा एक मल्ल, माएदा नावाचा, फिरत फिरत १९१४ साली दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात गेला. त्याच्याकडून ग्रेसी घराण्याने ही विद्या उचलली आणि जमिनीवरच्या झोंबीत वाढविली. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर शहरी निरनिराळ्या विद्यांच्या मल्लांना फारच थोडे नियम ठेवून एकमेकांसमोर उभे केले. त्यांत मुष्टियोद्धा होता, कराटेवाला होता, जपानी सुमोचा धिप्पाड गडी होता. जिंकला तो रॉयस ग्रेसी, ज्याचे वजन ऐंशी किलोच्या आसपास. म्हणून ग्रेसींची विद्या कायमची श्रेष्ठ ठरली काय? नाही. काही वर्षांत इतरांनी तिचे डाव शिकून घेतले आणि कुस्तीवाले, मुष्टीवाले पुन्हा जिंकू लागले. टिकले ते विद्येचे नाव नव्हे. रोज विरोधात घासून घेण्याची रीत टिकली.

उलट बाजूचे उदाहरण चीनचे. एप्रिल २०१७ मध्ये चेंगडू शहरात ताई-ची विद्येचा एक गाजलेला गुरू आणि झोंबीच्या खेळात मुरलेला शू श्याओदोंग हे समोरासमोर आले. अर्ध्या मिनिटाच्या आत गुरुजी जमिनीवर होते. तेव्हा ताई-ची टाकाऊ समजावी काय? तसेही नव्हे. संथ हालचालींच्या त्या व्यायामाने म्हाताऱ्या माणसांचा तोल सुधारतो व पडणे कमी होते, असे डॉक्टरांनी तपासून पाहिले आहे. म्हाताऱ्यांच्या तोलाला ती औषध आहे, भांडणाला नाही. खुरप्याने नांगरट होत नाही म्हणून खुरपे कोणी फेकून देत नाही. पण खुरपे नांगराच्या किमतीला घेऊही नये.

आता आपल्या हौदाकडे वळू. जपानातल्या मास्तरांनी जे १८८२ साली योजले, ते आपल्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, पण घरचे म्हणून आपल्याला त्याची किंमत नाही. तालमीची रीत पाहा. सायंकाळी मेहनत: जोर, बैठका, दोर चढणे. सकाळी लढत. वस्ताद काठी घेऊन हौदाच्या कडेला उभा असतो आणि जोड्या लावून देतो. नवा पोरगा आला की त्याला एक डाव सांगतात. पट काढणे म्हणा. थोरला गडी त्याला पहिल्यांदा पट काढू देतो, दुसऱ्यांदा निम्मा अडवतो, तिसऱ्यांदा पुरता अडवतो. वस्ताद ओरडतो, "मान वर! कमरेत वाक!" तांबडी माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद घातलेली असते, म्हणून पडले तरी अंग सोलत नाही. असा पोरगा वर्षभरात शेकडो वेळा चीत होतो आणि शेकडो वेळा उठतो. कानोंच्या शाळेत जे होते, तेच हे: पडण्याची भीती मोडणे, ठोसे व बोटे मोडणे वर्ज्य करून उरलेला जोर पुरा लावणे, आणि रोज नवा विरोध.

यातून आणखी एक लाभ होतो. हौदात उतरणाऱ्याला आपली खरी उंची कळते. रोज चीत होणाऱ्याला मिशीवर ताव देण्याची हौस राहत नाही. आमच्या पाहण्यात गावच्या यात्रेत दंगा करणारा पोरगा बहुधा तालमीबाहेरचा असतो.

कुस्तीची कस गावाबाहेरही लागली आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन शहरी आपल्याकडील गामा पहिलवान आणि पोलंडचा झ्बिस्को यांची कुस्ती झाली. झ्बिस्को धिप्पाड व नामांकित. पण गामाची पकड पाहताच तो मातीला घोरपड चिकटावी तसा जमिनीला चिकटला, आणि अडीच तासांवर कुस्ती चालूनही निकाल लागला नाही. पुन्हा ठरल्या दिवशी तो आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळास दोघांची गाठ पडली तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले.

परंतु केवळ अभिमान धरून चालत नाही, हे खाशाबा जाधवांच्या चरित्रावरून शिकावे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा मातीत तयार झालेला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला तेव्हा गादीवरची कुस्ती, तिचे गुण, तिचे नियम सगळेच नवे, सहावा आला. परत येऊन त्याने 'आमची मातीच खरी' असे म्हटले नाही. जेथे लढायचे त्या रीतीने मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी गावोगाव वर्गणी झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. धडा दुहेरी आहे. विरोधात घासलेले अंग कोठेही उपयोगी पडते. पण ज्या जमिनीवर प्रसंग यायचा, त्या जमिनीची सवयही करावी लागते.

तीच गोष्ट रस्त्याला लावून पाहा. कुस्तीत समोर एकच असतो, तो ठोसा मारीत नाही, हाती चाकू नसतो, आणि खाली मऊ माती असते. रस्त्यावर दगड असतो आणि त्याचे तीन सोबती असतात. तेथे खाली पडून झोंबी घेणारा फसतो. म्हणून तालमीच्या पोरांनाही उभ्याने निसटणे, तोंडावरचा मार हातांवर झेलणे, पकड सोडवून धावणे, हे शिकविले पाहिजे. आणि चाकूविषयी स्पष्ट सांगतो. रिकाम्या हाताने चाकू हिसकावण्याचे जे डाव मोबाईलवर दाखवितात, त्यांत चाकूवाला एकदाच हात पुढे करून थांबलेला असतो. खरा हल्लेखोर थांबत नाही. चाकूपुढे पहिला डाव पळणे. पळता आले नाही तर घोंगडी, पाटी, काठी जे हाती लागेल ते मध्ये घालणे.

आता लाठी व दांडपट्टा. ही आपली विद्या, तिचा मान मोठा. पण हीही वाजवून घ्या. यात्रेत लाठी गरगर फिरविली की डोळे दिपतात. दांडपट्ट्याने लिंबू कापले की टाळ्या पडतात. लिंबू उलट हात उचलीत नाही. ज्या मर्दानी खेळात खरा विरोध आहे तो फरीगदग्याचा. एका हाती चामड्याची ढाल, दुसऱ्या हाती कातड्याने मढविलेली काठी, आणि समोरचा खरोखर मारावयास येतो. ज्याचा हात त्यावर बसला, त्याला पुढे साधी काठीही वापरता येते. ती गरगर फिरवू नये. टोक समोरच्याच्या रोखाने धरावे, अंतर राखावे आणि ढोसावे. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला पिसाळलेल्या कुत्र्यापुढे वा रानडुकरापुढे हेच कामास येते.

मुलींविषयी बोलल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही. शाळेशाळेतून एका दिवसाची शिबिरे होतात, मुली 'हू' करून लाथ उडवितात, फोटो निघतो, शिक्षक जातात. याने काय साधते? याविषयी कॅनडा देशात नीट परीक्षा झाली, आणि तिचा निकाल २०१५ साली छापला गेला. तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींचे दोन भाग केले. एका भागाला तीन-तीन तासांचे चार वर्ग दिले. दुसऱ्याला नुसती छापील पत्रके. वर्षानंतर पाहिले तो पत्रकवाल्या मुलींपैकी शेकडा ९.८ जणींवर बलात्कार झालेला. शिकलेल्यांपैकी शेकडा ५.२ जणींवर. बारा तासांच्या शिक्षणाने संकट जवळजवळ निम्मे झाले.

त्या बारा तासांत काय शिकविले हे नीट ऐका, कारण त्यात लाथाबुक्क्यांचा वाटा एवढासाच होता. धोका बहुधा ओळखीच्या माणसाकडून येतो, तो आधी कसा ओळखावा. आपल्याच मनातली भीड कशी मोडावी. मोठ्याने 'नाही' कसे म्हणावे. आणि मग पकड कशी सोडवावी. आपल्या मुलींना आपण घरी काय शिकवितो? 'मोठ्यांपुढे बोलू नये', 'चारचौघांत आवाज चढवू नये'. म्हणजे डाव शिकविण्याआधीच आपण तोंड बांधून ठेवतो. मुलीने दहा लाथा शिकल्या पण चुलत्याच्या मित्राला 'दूर हो' म्हणण्याची तिला घरातून मुभा नसेल, तर त्या लाथा पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारख्या. हे शिक्षण मुलीचे तसे आईबापांचेही आहे. आणि ज्यांना कुस्ती आवडते त्यांना हौदही मोकळा असावा. साक्षी मलिकने २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक आणले; तीही खेड्यातल्याच मातीची.

विरोध हवा म्हणजे हाणामारी हवी, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. मुष्टियुद्धात रोज डोक्यावर मार खाणाऱ्यांचा मेंदू कालांतराने बिघडतो, हे १९२८ सालीच एका अमेरिकन डॉक्टराने लिहून ठेवले आहे, आणि पुढच्या शोधांनी ते अधिकच पक्के झाले. म्हणून मुलांच्या शिक्षणात डोक्यावरचा जोराचा मार वर्ज्य. तसेच लवकर अंग भरावे म्हणून कोणी पोराला सुई टोचून घ्यायला सांगेल, तर त्याला गावाच्या वेशीबाहेर घालवा. दूध, ज्वारी, शेंगदाणे, डाळ, अंडी आणि झोप यांवरच अंग बनते. सुईने हृदय व यकृत बिघडते.

कायद्याचीही एक ओळ ध्यानात ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. पण बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क दिलेला नाही. हल्लेखोर पळाला, तेथे आपला हक्क संपला. पाठलाग करून हाड मोडले तर आरोपी आपण.

शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. ज्या विद्येचा प्राण विरोधात आहे, तिला जोडीदार जितके नाना प्रकारचे, तितकी ती वाढते. उंच, ठेंगणा, जड, चपळ, डावखुरा, प्रत्येकाची पकड निराळी. मग ज्या गावाने जात पाहून हौदाचे दार अर्धे लावले, त्याने आपल्याच मल्लांचे जोडीदार कमी केले. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. वस्ताद मांग समाजाचे. त्यांच्या हाताखाली दांडपट्टा व निशाणबाजी शिकणाऱ्यांत माळ्याचे जोतीराव फुले होते. कोल्हापूरचे शाहू छत्रपती १९०२ साली विलायतेस गेले, तिकडची मोठी क्रीडागारे पाहून आले, आणि त्यांनी खासबागेचे मैदान बांधविले. १९१२ पासून तेथे लढती होऊ लागल्या. त्या मैदानात हजारो माणसे बसतात, आणि कुस्तीच्या निकालाला जातीचा दाखला लागत नाही. दोन्ही खांदे मातीला लागले की लागले. तेथे पोथी उघडून कोणाचे वरिष्ठत्व ठरत नाही.

जोतीरावांचे चरित्रकार आणखी एक प्रसंग सांगतात. त्यांचा जीव घेण्यासाठी रात्री दोन मारेकरी घरात शिरले. जोतीराव हत्यार चालविणारे, लहुजींच्या तालमीतले. पण त्यांनी शांतपणे विचारले, "कोण तुम्ही, आणि का आलात?" आणि बोलण्यानेच दोघांचे मन फिरले, ते पुढे त्यांचे सहकारी झाले. असे शांत राहणे नुसत्या मऊपणाने येत नाही. ज्याची भीती आधीच तालमीत मोडली आहे, त्यालाच त्या घडीला बोलणे सुचते. मर्दानी विद्येचा सर्वांत मोठा उपयोग तो हाच की ती बहुधा वापरावी लागत नाही.

आता वर्गणीविषयी आमचे मत. तालीम नीट करावी. हौदात नवी माती घालावी आणि एका कडेला जुन्या गाद्या टाकाव्या. वस्तादांना दरमहा मानधन द्यावे. फुकटचा वस्ताद फार दिवस टिकत नाही. हौद सर्व जातींच्या मुलांना खुला असे फळ्यावर लिहावे, आणि लिहिल्याप्रमाणे वागावे. मुलींना वेगळी वेळ व बाई शिक्षिका असावी. आठवड्यातून एकदा फरीगदगा व्हावा. आणि तालुक्याच्या शिक्षकांनाही आपला राम राम. त्यांना जरूर बोलवावे, पण आधी पाच प्रश्न विचारावे. तुमच्या वर्गात अडविणाऱ्या जोडीदाराशी लढत आठवड्यातून किती वेळा होते? पडावे कसे हे प्रथम शिकविता काय? पट्टा लढत पाहून देता की फी पाहून? मुलांच्या डोक्याची काळजी काय घेता? आणि तुमचा दोन वर्षांचा विद्यार्थी आमच्या तालमीतल्या त्याच वजनाच्या पोराशी, दोघांना मान्य नियमांनी, हौदात उतरेल काय? शेवटच्या प्रश्नाला जो 'हो' म्हणेल, तो कोणत्याही देशाची विद्या शिकवो, त्याला आपण मानाने शेला-नारळ देऊ. जो 'आमची विद्या दाखविण्यासारखी नाही' म्हणेल, त्याला चहा पाजून वाटेला लावू.

मडके आपण वाजवून घेतो. आपली मुले मडक्याहून मोलाची आहेत. इतके सांगून आम्ही खाली बसतो. पुढचा निर्णय पंचांचा व तुमचा.